ओव्हाळांच्या शेजारची सीट

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक जागा कित्येक वर्षं रिकामी होती. विश्रांतवाडीत पार्किंगची रिकामी जागा म्हणजे काय चीज असते, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मच्छिंद्र गायकवाडांनी तर लेखी मागणी केली होती, की ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनी आपली जागा गरजूंना द्यावी. सेक्रेटरींनी त्यांना बोर्डावरच उत्तर लावलं : 'जागा ओव्हाळांची आहे. त्यांनी तिथे गाडी लावावी की भजी तळावीत, हा त्यांचा प्रश्न आहे.'

ओव्हाळ तिथे काही तळत नव्हते. त्यांच्या पत्नी चंद्रभागाताईंनी मात्र कढीपत्ता, गवती चहा आणि एक हट्टी जास्वंद अशा कुंड्या मांडल्या होत्या. शेजारी ओव्हाळांची जुनी स्कूटर.

ज्याच्याकडे गाडी नव्हती, तोच माणूस आमच्यात सगळ्यांत जास्त गाडी चालवणारा होता. धम्मदीप ओव्हाळ चाकणच्या बाजूच्या एका मोटार कंपनीत टेस्ट ड्रायव्हर. नवी गाडी बाजारात यायच्या आधी ती उन्हापावसात, घाटात, खड्ड्यांत, गर्दीत चालवून पाहायची, हे त्यांचं काम. अशा गाडीवर ओळखू येऊ नये म्हणून काळ्यापांढऱ्या चित्रविचित्र कागदाचं वेष्टण असतं. तिच्याबद्दल घरीसुद्धा बोलायचं नाही आणि तिच्यात बाहेरच्या कुणालाही बसवायचं नाही, हा नियम. वडील खडकीला लष्करी वर्कशॉपमध्ये ड्रायव्हर होते. त्यांच्याकडून ओव्हाळांना दोन गोष्टी मिळाल्या होत्या, स्टिअरिंगवरचा हात आणि नियम पाळायची सवय.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. शाळेत शिकवायचो, म्हणून ते दोघंही मला 'सर' म्हणतात. पुढचं जे सांगतोय त्यातलं निम्मं मला ओव्हाळांकडून कळलं, निम्मं ताईंकडून. दोघांची हकिगत जिथे जुळत नाही, तिथे मी ताईंची खरी धरली आहे.

लग्न झालं तेव्हा ओव्हाळ नुकतेच कंपनीत लागले होते. चंद्रभागा यवतकडची. नवरा मोटार चालवतो एवढंच तिला सांगितलेलं. माहेरच्या मैत्रिणींत तिचा भाव वधारला होता, आता ही काय, पुढच्या सीटवर बसून फिरणार! पुण्यात आल्यावर कळलं, की मोटार कंपनीची, आणि तिच्यात बसायला मनाई.

"मग तुमच्या शेजारी कोण बसतं?" तिने विचारलं होतं.

"पोतं."

तिला वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती. गाडीत माणसं भरल्यावर ती कशी चालते हे पाहायचं, तर माणसांइतकं वजन हवं. म्हणून प्रत्येक सीटवर वाळूचं पोतं ठेवायचं आणि त्याला पट्टा बांधायचा. ड्रायव्हरच्या शेजारीही तसंच एक, चांगल्या धडधाकट माणसाच्या वजनाचं.

तेव्हापासून ताई त्या पोत्याला 'माझी सवत' म्हणायच्या. ओव्हाळ संध्याकाळी घरी आले, की चहा पुढे ठेवत विचारायच्या, "काय, आज सवतीला कुठे फिरवलंत? महाबळेश्वर?" आणि बऱ्याचदा ते खरोखरच महाबळेश्वरचा घाट चढून आलेले असायचे.

ताई इथल्याच एका बालवाडीत शिकवायच्या. मुलगी पूर्वा झाली, ती मोठी झाली, स्कूटरवर तिघं मावेनात. तेव्हा साडूंनी त्यांची जुनी गाडी देऊ केली. ओव्हाळ घेणारही होते. पण त्याच सुमारास, लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी असेल, ते एक दिवस कामावरून आले ते वेगळेच.

"आज एक गाडी चालवली," ते म्हणाले.

"रोजच चालवता."

"आज वेगळी चालवली."

"कसली?"

"सांगता येणार नाही."

"मग सांगायला कशाला आलात?"

ओव्हाळ हसले. मग पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून म्हणाले, "चंद्रा, ती साडूंची गाडी नको आपल्याला. ही बाजारात येऊ दे. घेईन तर हीच, आणि पहिल्या दिवसापासून तू पुढे बसायचंस."

त्या गाडीत काय होतं ते मला पुष्कळ नंतर कळलं, लपवायचं काही उरलं नाही तेव्हा. गाडी दिसायला नेहमीसारखी, इंजिन पेट्रोलचंच. फक्त ते हवा जास्त आणि पेट्रोल फार थोडं घेऊन चालायचं. एरवी इतकं पातळ मिश्रण ठिणगीने पेटतच नाही. ओव्हाळांनी मला समजावून सांगितलं, "सर, चुलीत मोठं लाकूड काडीने पेटतं का? आधी चिपाड पेटवतो आपण. तसंच आहे हे. स्पार्क प्लगभोवती अंगठ्याएवढी छोटी खोली. आधी तिच्यात भडका. मग तिच्या भोकांतून ज्वाळा बाहेर येतात आणि मोठ्या खोलीतलं सगळं एकदम पेटवतात. तेवढ्याच पेट्रोलमध्ये गाडी कितीतरी लांब जाते. आणि आवाज... कसा सांगू? ओढ नसल्यासारखा. उतारावर आपोआप चाललेल्या सायकलसारखा."

ते पहिल्यांदा तो आवाज ऐकून आले, त्या दिवशी त्यांना वाटलं होतं, वर्षा-दोन वर्षांत ही गाडी रस्त्यावर येईल.

तसं झालं नाही. आधी लॉकडाऊन. मग कंपनीने ठरवलं, आता सगळं लक्ष विजेच्या गाड्यांवर. नवं पेट्रोल इंजिन कुणाला हवंय? वेष्टणातल्या त्या गाड्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेल्या. ओव्हाळांना विजेच्या गाड्या दिल्या गेल्या. त्या चांगल्या होत्या. त्यांनी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. पण जेवणाच्या सुट्टीत ते त्या शेडकडून चक्कर मारून यायचे.

घरी ताई विचारायच्या, "आपली कधी येणार?" तिचं नाव दोघांनाही माहीत नव्हतं, कारण ते ठेवलंच गेलं नव्हतं. त्यामुळे दोघं तिला 'आपली' म्हणत.

मध्यंतरी पूर्वाचं लग्न झालं. जावई राकेश चांगला मुलगा. दोघंही हिंजवडीत एकाच कंपनीत होते, तिथून बदलून बंगळूरला गेले. पुढे पूर्वाला मुलगी झाली, संस्कृती. बाळंतपणासाठी पूर्वा विश्रांतवाडीत आली होती. ती परत निघाली तेव्हा तिची रजा संपत आलेली, पाळणाघराचा भरवसा नाही, राकेशची आई आजारी. ताई म्हणाल्या, "मी येते. बाळ जरा बसायला लागेपर्यंत राहीन."

बाळ बसायला लागलं. मग रांगायला लागलं. मग म्हणाल्या, चालायला लागू दे. ताईंनी बालवाडीची नोकरी सोडली. पूर्वा काही मुद्दाम करत नव्हती. तिलाही ते लागत होतं. फोनवर म्हणायची, "पप्पा, तुम्ही पण या ना इकडेच." ओव्हाळ म्हणायचे, "रिटायर होऊ दे."

आमच्या पिढीतल्या बऱ्याच घरांत हे झालंय. नवराबायकोचं भांडण नाही, काही नाही. एक इथे, एक तिथे. नातवंडांनी आजी उचलून नेलेली असते आणि आजोबा कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकतात. ओव्हाळ भाजी निवडायला शिकले. जास्वंदीला पाणी घालायला शिकले, पण ती त्यांच्यावर रुसली ती रुसलीच. संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा. त्यात नात कॅमेऱ्याला बोट लावून बसायची, त्यामुळे ओव्हाळांना बहुतेक वेळा बायकोऐवजी ते गुलाबी बोटच दिसायचं. ताईंचा नुसता आवाज यायचा, "जेवलात का?"

"जेवलो."

"काय?"

"पिठलं."

"कालही पिठलंच होतं."

"कालचं वेगळं होतं."

मी एकदा त्यांना म्हटलं, "ओव्हाळ, करमतं का हो?" म्हणाले, "सवय झालीय सर." आणि मला ते खरं वाटलं.

मग एक दिवस शेडमधली ताडपत्री निघाली. विजेच्या गाड्या विकल्या जातच होत्या, पण सगळ्यांनाच परवडतात किंवा सोयीच्या पडतात असं नव्हतं. पेट्रोलवरच पण कमी पेट्रोलवर चालणारी गाडी मागणारी माणसं कमी झाली नव्हती. कंपनीने ते जुनं काम पुन्हा हातात घेतलं आणि उत्कर्षा नावाच्या इंजिनिअर मुलीकडे सोपवलं. पूर्वाच्याच वयाची. ती ओव्हाळांना 'काका' म्हणायची, ते तिला 'मॅडम'.

काम सोपं नव्हतं. मधल्या काळात पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण वाढलं होतं. सगळं नव्याने जुळवावं लागलं. वर एक जुनं दुखणं होतंच. मोकळ्या रस्त्यावर इंजिन लोण्यासारखं चालायचं, पण गर्दीत, रांगत रांगत जाताना, ते पातळ मिश्रणावरून नेहमीच्या मिश्रणावर आलं, की गचका द्यायचं. बारीकच, पण मागे कुणी चहा पीत बसलं असेल तर सांडेल असा. त्यासाठी ओव्हाळांना महिनोन्महिने हिंजवडीच्या रस्त्यावर पाठवलं, कंपन्यांच्या बसगाड्यांमध्ये, संध्याकाळच्या वेळी. सबंध पुणे ज्या गर्दीला शिव्या घालतं, तिथे हे मुद्दाम जात होते.

शेवटी एक दिवस ते परत आले आणि म्हणाले, "मॅडम, गचका गेला."

उत्कर्षाने संगणकावर आलेख लावला. बराच वेळ पाहिला. "नाही गेला काका. हा बघा, इथे आहे. इथेही आहे."

"मला नाही जाणवला."

"तुम्हाला सवय झालीय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "रोज तीच गाडी, तोच गचका. तो येणार म्हणून तुमचं अंग आधीच सावरून घेतंय."

तिचं बरोबर होतं. दुसऱ्या ड्रायव्हरला बसवलं, तर त्याला तो पहिल्याच सिग्नलला लागला. ओव्हाळांना वाईट वाटलं नाही; उलट पुढचे कितीतरी दिवस ते हे सगळ्यांना सांगत होते. मलाही सांगितलं. सांगताना मध्येच थांबले आणि म्हणाले, "सर, तुम्ही मागे विचारलं होतं ना, करमतं का म्हणून." मी वाट पाहिली. पण ते "चला, कुकर लावायचाय," म्हणून वर गेले.

गचका पुढे खरंच गेला. तो कसा घालवला हे उत्कर्षाला माहीत. तिच्या लोकांनी त्यासाठी फार कष्ट घेतले. मग आली शेवटची मोठी परीक्षा. वेष्टण काढलेल्या तयार गाड्या लांब पल्ल्यावर न्यायच्या, टाकीवर सील लावून, किती पेट्रोलमध्ये किती अंतर जाते ते पाहायचं. रस्ता ठरला पुणे ते तुमकूर आणि परत. तुमकूरच्या पंपावर मोजमाप, तासभर थांबा, की मागे.

तुमकूर बंगळूरपासून फार लांब नाही.

ओव्हाळांनी घरी एवढंच कळवलं, की कामासाठी त्या बाजूला येतोय, पंपावर थांबेन. गाडीबद्दल चकार शब्द नाही. नात तापातून नुकतीच उठलेली, तिला राकेशकडे सोपवून ताई एकट्या टॅक्सी करून निघाल्या. दोघांची भेट होऊन तेव्हा सात-आठ महिने झाले असतील.

त्या पंपावर आधी पोचल्या. हातात डबा घेऊन हवा भरायच्या यंत्रापाशी उभ्या राहिल्या. मग एकामागे एक दोन निळ्या गाड्या आत आल्या. पहिलीत ओव्हाळ, दुसरीत उत्कर्षा आणि तिचा एक सहकारी.

"मी ओळखलं," ताई मला म्हणाल्या. "यांना नाही, गाडीला. यांच्या तोंडावरून ओळखलं, की आपली ती हीच."

ओव्हाळ उतरले. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. आमच्याकडे चारचौघांत मिठी मारायची पद्धत नाही. त्यांनी विचारलं, "जेवलीस?" त्या म्हणाल्या, "तुम्ही बारीक झालात." मग ताई गाडीभोवती फिरल्या. बॉनेटवरून हात फिरवला. ते अजून गरम होतं. शेजारच्या सीटच्या काचेतून आत पाहिलं.

"हेच का ते?"

"हेच."

तीस वर्षं जिची चेष्टा केली ती सवत त्यांनी पहिल्यांदा पाहिली. गोणपाटाचं पोतं, तोंड सुतळीने शिवलेलं, छातीवरून पट्टा. ताई म्हणाल्या, "मी किती काय काय कल्पना केली होती. बिचारं नुसतं बसलेलं होतं हो."

उत्कर्षा हे पाहत होती. मोजमाप आटोपलं होतं, टाकीवर नव्याने सील लावायचं होतं. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, पोतं काढून काकूंना बसवा. पंपाच्या मागच्या रस्त्याला एक चक्कर मारून आणा. आम्ही चहाला जातोय. कुणी काही पाहिलेलं नाही."

ताईंचा हात दाराच्या कडीवर गेलासुद्धा.

ओव्हाळ म्हणाले, "नको मॅडम."

"काका, दोन मिनिटांचा प्रश्न आहे."

"तेच. दोन मिनिटं, तेही चोरून. तिला मी चोरून नाही बसवणार."

यावर दोघांच्या हकिगती वेगळ्या आहेत. ओव्हाळ म्हणतात, चंद्राला पटलं. ताई म्हणतात, "डोंबल पटलं. मला इतका राग आला होता! बसले असते की मी चोरून. मला कसली लाज? एवढा रस्ता आले होते." पण तिथे त्यांनी नुसता डबा उघडला. भरीत, भाकरी, जवसाची चटणी. दोघं गाडीच्या सावलीत उभ्याउभ्या जेवले. उत्कर्षालाही अर्धी भाकरी मिळाली. नातीचे दात, पूर्वाची बढती, जास्वंदीचा रुसवा असं थोडंथोडं बोलणं झालं, आणि वेळ संपला.

निघताना ताईंनी दार उघडून पोत्याचा पट्टा ओढून पाहिला. थोडा सैल होता. त्यांनी तो घट्ट केला, दार लावलं आणि बाजूला झाल्या. ओव्हाळांना एकसारख्या वेगाने पंपाबाहेर पडायचं होतं, परीक्षेचा नियम. ते मागे वळून पाहू शकले नाहीत. परतीच्या वाटेवरचं सिरा गाव मागे पडल्यावर त्यांनी पहिल्यांदा श्वास सोडला, असं त्यांचं म्हणणं.

गाडी पास झाली. काही महिन्यांनी तिला नाव मिळालं, मोठ्या हॉटेलात समारंभ झाला, टीव्हीवर जाहिरात आली. जाहिरातीत एक तरुण जोडपं डोंगरातल्या रस्त्याने हसत चाललेलं. ओव्हाळ ती जाहिरात कँटीनमध्ये पाहत होते तेवढ्यात फोन वाजला.

"आली बघा आपली," ताई म्हणाल्या. "टीव्हीवर आहे. पण चालवतोय कोण हा? याला तर स्टिअरिंगही धरता येत नाही नीट."

ओव्हाळांनी त्याच दिवशी नाव नोंदवलं. गाडी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला हातात येईल असं पाहिलं. ताई आठवड्याभरासाठी आल्या. कुंड्या हलल्या, जागा झाडून निघाली. गायकवाडांनी वरून पाहिलं आणि खाली येऊन स्वतः पेढा मागून घेतला. शोरूमवाल्यांनी कुंकू आणि नारळ पुढे केलं, तेव्हा ओव्हाळ म्हणाले, "फुलं तेवढी असू द्या." तिथून गाडी सरळ विहारात, मग घरी. त्या दिवशी पाहुण्यांची ही गर्दी, गाडीत सतत चार-पाच पोरं. दोघांना एकटं जायला मिळालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

"कुठे जायचं?" त्यांनी विचारलं.

"कुठेही नको. नुसती चालवा."

निघाले. आळंदी रस्ता, मग पुढे. ताईंनी बोलायला सुरुवात केली. इतक्या वर्षांचं साठलेलं. पूर्वाचं घर, शेजारची तमिळ बाई, संस्कृती आता 'आजी' म्हणते ते कसं म्हणते. बरंच अंतर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पलीकडून हूं नाही की चूं नाही. ओव्हाळांची मान किंचित कललेली, नजर रस्त्यावर, आणि कान इंजिनात.

"अहो."

त्यांनी गिअर बदलला.

"अहो, मी पोतं नाहीये!"

ओव्हाळ दचकले. गाडी त्यांनी कडेला घेतली. त्यांचा चेहरा अगदी उतरला. म्हणाले, "चंद्रा, मला गाडीत बोलायची सवयच नाही गं. कधी कुणी नव्हतंच."

ताईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी काच खाली केली. समोर पाहिलं. एक चढ, वडाचं झाड, त्याखाली पत्र्याचं हॉटेल. ते पाहता पाहता त्यांना शंका आली.

"आपण कुठे आलोय?"

ओव्हाळांनीही तेव्हाच पाहिलं. 'नुसती चालवा' म्हटल्यावर हात आपोआप वळले होते. चाकणच्या पुढचा, राजगुरुनगरकडचा तो रस्ता, ज्यावर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं.

"हा तुमचा रोजचा रस्ता?"

"हो. दुसरीकडे वळवतो. इथे बघण्यासारखं काही नाही."

"वळवू नका," ताई म्हणाल्या. "हाच दाखवा. सगळा दाखवा."

मग ओव्हाळ बोलायला लागले. आधी अडखळत. हा चढ, इथे गाडी किती दम धरते ते कळतं. हे हॉटेल, इथल्या म्हाताऱ्याला साखर कमी सांगितली तरी तो तेवढीच घालतो. इथे एका पावसाळ्यात रस्ता वाहून गेला होता. इथे एकदा शेतातून मोर उडून काचेवर आला होता, तेव्हा वाटलं होतं, घरी गेल्यावर तुला सांगावं. "मग का नाही सांगितलंत?" "घरी आल्यावर विसरलो असेन." हे शेत, पूर्वा दहावीला होती तेव्हा सूर्यफुलांचं होतं, तिचा निकाल मी इथे थांबून फोनवर ऐकला. आई गेल्याचा फोनही इथेच, त्या पुलापाशी आला. तेव्हाही गाडी कंपनीत नेऊन लावली आणि मगच घरी आलो.

ताईंना हे काहीच माहीत नव्हतं. तीस वर्षं हा माणूस सकाळी निघून संध्याकाळी यायचा, मधला सगळा दिवस म्हणजे त्यांना काळ्यापांढऱ्या वेष्टणात गुंडाळलेला होता. त्या मला म्हणाल्या, "सर, मला पुढच्या सीटचं एवढं काय होतं, ते तेव्हा कळलं. गाडीत नव्हतं बसायचं मला. हे कुठे जातात ते बघायचं होतं."

हॉटेलातल्या म्हाताऱ्याने चहा आणला आणि विचारलं, "आज सुट्टी ना? अन् ह्या कोन?"

"आमच्या मिसेस," ओव्हाळ म्हणाले.

म्हाताऱ्याने ताईंकडे नीट पाहून घेतलं. "बरं झालं आणलंत. मला वाटायचं, ह्यो मानूस एकटाच हाय."

असे आणखी चार-पाच दिवस मिळाले असते. पण तिसऱ्या दिवशी पूर्वाचा फोन आला. संस्कृती पुन्हा तापली होती, राकेश परदेशी, पूर्वाची महत्त्वाची बैठक. पूर्वाने 'ये' म्हटलं नाही. म्हणाली, "मी बघते काहीतरी, मम्मी." तेवढ्यावर ताईंनी पिशवी भरायला घेतली.

लोहगावला विमानतळावर ओव्हाळ स्वतः सोडायला गेले. वाटेत बोलले का, असं मी ताईंना फोनवर विचारलं. म्हणाल्या, "सारखे बोलत होते. टिंगरेनगरचा प्रत्येक खड्डा मला दाखवला."

नात पुढच्या जूनमध्ये शाळेत जाईल. ओव्हाळांना निवृत्तीला त्यानंतरही थोडा काळ आहे. कोण कुणाकडे राहणार, ते अजून ठरलेलं नाही. सोसायटीत सगळे त्यांना विचारतात, "काय, अ‍ॅव्हरेज किती देते?" ते खरा आकडा सांगतात, आणि सगळ्यांना तो खोटा वाटतो.

परवा मला शनिवार पेठेत चष्म्याच्या दुकानात जायचं होतं. ओव्हाळ म्हणाले, "चला सर, सोडतो." मी पुढचं दार उघडून बसलो, तर गुडघे डॅशबोर्डला टेकले. चंद्रभागाताई ठेंगण्या, त्यांनी सीट पुढे ओढून घेतली असणार. मी खाली हात घालून ती मागे सरकवायची कडी चाचपू लागलो.

ओव्हाळ गडबडले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, ते... राहू द्या ना तसंच. मागे ऐसपैस बसता का?"

मी उतरलो आणि मागे बसलो. त्यांनी गाडी सुरू केली. संगमवाडी आली. मग पुलावरच्या गर्दीत गाडी रांगायला लागली, तेव्हा त्यांनी उजवीकडे बोट दाखवलं आणि मला सांगितलं, की नदीच्या त्या काठाला थंडीत बगळे येतात. बोलताना त्यांनी मान मात्र डावीकडे, शेजारच्या सीटकडे वळवली होती.